वर्षालीच्या कपाळावरचा नंबर

सोमवार, ६ जानेवारी २०२५

हे लिहायची हौस मले नाई. टीव्हीच्या डब्याच्या कंपनीत फोन लावला त तिथली पोरगी म्हणे, "मॅडम, कोणत्या दिवशी, किती वाजता, स्क्रीनवर काय दिसलं ते लिहून ठेवा. म्हणजे तक्रार पुढे पाठवता येईल." मी म्हटलं, "बाई, मी चौथी शिकली." ती म्हणे, "चालेल." तिच्या बापाचं काय जाते.

त लिहिते. शनिवारी दुपारी लाईनीत दोन फेज आले. ट्यूबलाईट फटकन गेली. फ्रिज वाचला, टीव्ही वाचला, गच्चीवरच्या डिश-छत्रीचा डबा जळाला. घरभर वास. काल भैय्याजी आला, जुना डबा काढून नवा लावून गेला. हा भैय्याजी आधी रेडिओ दुरुस्त करे, वर्षालीचे बाबा होते तवापासूनचा ओळखीचा. आता पन्नाशी उलटली, साऱ्या अल्लीपूरच्या छत्र्या तोच पाहते.

नव्या डब्यावर बातम्या दिसतात, सिरियली दिसतात. पण माहा पेनड्राईव्ह लावला की चालत नाई. निळी पट्टी येते, इंग्रजीत तीन ओळी, खाली दोन चौकोन. त्यातलं ओके मले वाचता येते. दाबणारच होती. मग म्हटलं आधी विचारावं. त भैय्याजी फोनवरच बोंबलला, "वहिनी, हात नका लावू! ओके दाबलं त सारं पुसून जाते. पेनड्राईव्ह साफ करू का, असं विचारून राह्यला तो."

असा कसा डबा. नव्या पाहुण्यानं घरात पाय ठेवला अन् म्हणे, तुमचे जुने फोटो जाळू का.

भैय्याजीनं विचारलं, आत काय आहे. मी म्हटलं केळझरच्या गणपतीचा कार्यक्रम. त्यानं परत विचारलं, गणपतीचाच का. मग म्हणे, "असं का. मंग त पाहाच लागन."

वेळ लिहायची राह्यली. सकाळचे अकरा.

मंगळवार, ७ जानेवारी

भैय्याजी आला. पेनड्राईव्ह काढून पाह्यला, परत लावला, फुंकर मारली. हे सारे मेकॅनिक फुंकर काऊन मारतात?

मग सांगत बसला. आपण चॅनलवरचं काही भरून ठेवलं की ते कुलूप लागूनच आत उतरते. चावी राहते त्या डब्याच्या पोटात. दुसऱ्या डब्याले ते उघडत नाई, कम्पुटरले उघडत नाई, कोणालेच उघडत नाई.

"काऊन पण?"

"लोक कॉपी करून विकतात नं वहिनी. नवे सिनेमे, मॅचा. म्हणून कंपनीनं बंदोबस्त केला."

"म्हणजे चोरी केली दुसऱ्यानं, अन् कुलूप लावलं माह्या घराले."

हसला. मले हसू नाई आलं. म्हटलं माहा जुना डबा परत आण. म्हणे तो त वर्ध्याले ओमप्रकाशच्या दुकानात जमा केला, जळका डबा दिल्याशिवाय नवा भेटत नाई. अन् फोटो काढून राह्यल्यासारखं माह्याकडे पाहत बसला.

जातानी त्यानं खिशातून कागद काढला. कंपनीचा फॉर्म, म्हणे भरा लागते. "वहिनी, दोन टाईम जेवता का?" "बीपीची गोळी रोज घेता का?" "गुडघा कसा आहे?"

मी म्हटलं, "डब्याले माह्या गुडघ्याशी काय करा लागते?"

"छत्री गच्चीवर असते नं. कस्टमर चढू शकते का नाई, ते पाहतात."

हलकट कंपनी. मग म्हणे फोटो पाहिजे, कस्टमर अन् डबा सोबत. "वहिनी, जरा हसा." मी म्हटलं, "डबा हसून राह्यला का?" त्यानं तसाच काढला. मागच्या चार महिन्यांत हा तिसरा फोटो. एवढे फोटो घेऊन काय भिंतीले लावतात की काय.

गुरुवार, ९ जानेवारी

हे पान मी कंपनीले दाखवणार नाई. पण लिहायले बसलीच आहे त खरं लिहिते.

पेनड्राईव्हमध्ये गणपती नाई. वर्षाली आहे.

वर्षाली माही पोरगी. एकुलती एक. सावंगीले नर्सिंग शिकली, वांग्या-मेथीच्या पैशातून शिकवली. तीन वर्षांमागं पुण्याहून फोन आला, आई, मी लग्न केलं. केलं. करते नाई, केलं. मी शेजारच्या सुमित्राबाईच्या दारात, दहा बायांसमोर म्हटलं, आजपासून मले पोरगी नाई. तोंडातून निघालं ते निघालं. तिनं दोनदा फोन केला, मी उचलला नाई. मग तिचाही बंद झाला.

ऑगस्टमध्ये सुमित्राबाई धावत आली, "धुरपताबाई, टीव्ही लावा, तुमची वर्षाली आली टीव्हीवर!" ते टीव्हीवाले लोक पुण्याच्या कॉलन्यांमधी फिरतात, एखाद्या घरात घुसतात, तिथल्या बाईले रांधायले लावतात. मी म्हटलं, "मले पोरगी नाई. मले भेंडी तोडायची आहे." दार लावून घेतलं. मग आवाज एकदम बारीक करून पाह्यला. दुसऱ्या दिवशी दुपारी तोच कार्यक्रम परत लागला, तवा भरून घ्यायचं लाल बटन दाबून वावरात निघून गेली. कोणाले मालूम नाई. मोबाईलवाल्या कोणाकडून शूटिंग करून घेतलं असतं त त्याले दाखवा लागलं असतं.

बावीस मिनिटांचा आहे. मी चौदा पाहते. जेवतानी लावते. ताट घेऊन बसली की ती कांदा चिरते, मी भाकर मोडते. वांग्याची भाजी करते ती. जरा सुटली आहे. गळ्यात काळी पोत. बोलते पुण्यासारखं, "हो ना", "अगदी". चौदाव्या मिनिटाले ती टीव्हीवाली बाई विचारते, "हे सगळं आईने शिकवलं का?" अन् वर्षाली म्हणते, "नाही. आईने मला काहीच शिकवलं नाही."

तिथं मी बंद करते. पहिल्या दिवशी रागानं केलं, मग आदत पडली. वीस वर्षं चुलीपुढं माह्या बाजूले बसली अन् म्हणते काहीच शिकवलं नाई. त्याच्यापुढं काय पाहायचं.

मधात एका ठिकाणी तिच्या कपाळावर नंबर येते. पांढरे आकडे, अकरा. भैय्याजीले एकदा असंच विचारलं होतं, टीव्हीत नंबर काऊन येते म्हणून. म्हणे तो आपल्या डब्याचा असते. कोणी मोबाईलनं शूटिंग करून विकलं त चोर कोणत्या घरातला ते कळावं. चार सेकंद राहते. अन् बरोबर तवाच येते, जवा ती मान वर करून पाहते. पोरीचे डोळे दिसावे त आकडे दिसतात. पाच महिन्यांत पाठ झाले. शून्य दोन चार चार सात एक नऊ शून्य तीन आठ सहा.

शनिवार, ११ जानेवारी

सुमित्राबाई आली. भैय्याजीनं तिले सांगितलं असन.

"धुरपताबाई, तो केळझरचा गणपती दाखवा नं मले. माह्या नणंदेचा नवस तिथलाच हाय."

"कुलूप लागलं."

"गणपतीले?"

"पेनड्राईव्हले."

"अवं माय! पुजाऱ्यानं लावलं का?"

मी चहा ठेवला. नाईतर ती गेली नसती. चहा पिता पिता म्हणे, "वर्षालीले कळवलं का, डबा जळाला म्हणून?"

"डबा जळाला. मी नाई जळाली."

"नाई, म्हटलं पोरीले काळजी…"

"कोणाच्या पोरीले?"

ती कप ठेवून उठली. अर्धा चहा तसाच. एवढी साखर टाकली होती.

दुपारी भैय्याजीचा फोन. ओमप्रकाशच्या दुकानातले सारे जळके डबे येत्या गुरुवारी ट्रकमध्ये नागपूरले जातात. तिथं फोडतात, तांबं काढतात. म्हणे, "वहिनी, सोडून द्या आता. गणपतीचा दुसरा कार्यक्रम लागन."

मी फोन ठेवला. दुसरा नाई लागत. तीन वर्षांत एकदा लागला.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. सुमित्राबाईकडे हळदीकुंकू. बाया माह्या दारावरून नटूनथटून गेल्या, वाणाच्या प्लास्टिकच्या चाळण्या घेऊन परत आल्या. मले बोलावत नाईत, बोलावू पण नये. चाळणी आहे माह्याकडे.

भैय्याजी डबाभर तिळाचे लाडू देऊन गेला. म्हणे कंपनीकडून, जुन्या कस्टमरले भेट. कुरिअरच्या खोक्यात आले होते. एक खाऊन पाह्यला. कंपनीत जी कोणी बाई लाडू वळते तिचा हात चांगला आहे. वेलची जरा जास्त टाकते. पाच खाल्ले.

दहा दिवस झाले, जेवण लवकर आटपते. घरात आवाज पाहिजे म्हणून बातम्या लावून ठेवते. ते लोक एकमेकांवर ओरडतात. माह्यावर कोणी ओरडत नाई.

उद्या बुधवार. वांगी तोडायले आली आहेत, तोडणार नाई. वर्ध्याले जाणार.

बुधवार, १५ जानेवारी

गेली. पेनड्राईव्ह पदरात बांधून घेतला होता. भैय्याजी बसस्टँडवर उभाच. म्हणे कंपनीनं सांगितलं, कस्टमरसोबत जा. या कंपनीले दुसरे धंदे नाईत.

ओमप्रकाशचं दुकान म्हणजे वायरींचं भंडार. मागच्या खोलीत चार पोती डबे, उद्याच्या ट्रकसाठी तोंड बांधून ठेवलेले. तो म्हणे, "मौसी, सौ-सवासौ हैं. सब एक जैसे काले. किसमें ढूँढोगी?"

मी म्हटलं, "पोतं सोड."

खाली बसली. एक एक डबा उलटा करून पाहायची. प्रत्येकाच्या पोटावर कागद, त्यावर नंबर. ओमप्रकाश म्हणे, "नंबर लिखके लायी क्या?" मी म्हणून दाखवला. अकराच्या अकरा. तो भैय्याजीकडे पाहायले लागला. इंग्रजी येत नाई, पण आकडे येतात मले. बाजारात बसते.

तिसऱ्या पोत्यात सापडला. अर्धा कागद जळालेला. शून्य तीन आठ सहा तेवढं दिसत होतं. मले पुरे झालं.

ओमप्रकाशनं खोलला. आतमधी दोन कंडेन्सर फुगलेले, भजे फुगतात तसे. ते बदलले, आणखी काही टाचलं. हिरवा लाईट लागला. मी उठून उभी राह्यली. पण म्हणे एवढ्यानं नाई होत. डब्यात खोचायचं माहं कार्ड आता नव्या डब्याले बांधलं आहे. कंपनीनं ते सोडून परत जुन्याले बांधलं पाहिजे, तवा कुलूप उघडन. फोन लावला. तीच असन ती पोरगी, सगळ्यांचे आवाज सारखे.

"मॅडम, जुना बॉक्स सुरू केला तर नवीन बंद होईल. चालेल?"

"होऊ दे बंद."

"मॅडम, नवीनमध्ये जास्त सुविधा…"

"पोरी, बंद कर म्हटलं."

अर्धा तास थांबा म्हणे. तवा मी ओमप्रकाशले विचारलं, सुरू झाला की दुसऱ्या पेनड्राईव्हवर याची नक्कल काढून दे, परत जळाला त काय करू. तो मान हलवे. "कॉपी नहीं होता मौसी. इसीलिए तो लॉक है, चोरी ना हो."

"माह्या पोरीची चोरी मी करीन का?"

निघून गेलं तोंडातून. ओमप्रकाश म्हणे, "गणपती बोले थे ना?" भैय्याजी बाहेर रस्त्यावर पाहत उभा राह्यला, जसं काही ऐकलंच नाई.

मग लागलं. दुकानातल्या मोठ्या टीव्हीवर. एवढी मोठी वर्षाली मी पाह्यलीच नव्हती. तिच्या बोटावर चटका आहे, जुना, तो माह्या टीव्हीत दिसत नाई. कांदा चिरला. नंबर आला, गेला. वांगी पडली. तेरावं मिनिट झालं तसा मी हात पुढं केला, पण रिमोट ओमप्रकाशच्या हातात. म्हटलं, "बंद कर." तो म्हणे, "रुको मौसी, लडकी अच्छा बोल रही है."

"आईने मला काहीच शिकवलं नाही." हे झालं. अन् ती थांबलीच नाई.

"शिकवायला तिला वेळच नसायचा. पहाटे भाजी तोडायची, बाजारातून आली की चुलीपुढे बसायची. मी बाजूला बसून बघायची. माझं चुकलं की एकच शब्द, 'येडी'. बरोबर झालं तर काहीच नाही. न बोलता ताट पुढे ओढून घ्यायची. मला ते फार आवडायचं हो, ती ताट ओढायची ते. अजूनही भाजी उतरवली की मी जरा थांबते."

ती बाई म्हणे, "मग आज आई बघत असेल?"

"नाही. तिने माझं नाव टाकलंय." हसली. हसली म्हणजे दात दाखवले. मग म्हणे, "पण बघत असली ना, तर आत्ता म्हणाली असेल, येडे, तेल सुटायच्या आधी पाणी काऊन ओतलं?"

मी म्हणली होती. पहिल्याच दिवशी, ऑगस्टमध्ये, दार लावून, टीव्हीच्या पुढं उभी राहून. शब्दाले शब्द.

पुढचं पाणी पाणी दिसलं. दुकानात धूळ फार. भैय्याजी चष्मा पुसत होता. हा काऊन रडते, याची कोण लागते ती. ओमप्रकाशनं डबा पिशवीत बांधून दिला अन् म्हणे, "मौसी, गणपती का प्रोग्राम बहुत अच्छा था."

भैय्याजीनं बसमध्ये विचारलं, "वहिनी, परत लावून मोबाईलमध्ये धरून देऊ का?" मी म्हटलं, राहू दे. कपाळावर नंबर येते.

गुरुवार, १६ जानेवारी

दोन दिवसांची वांगी एकदम तोडली. जून झाली. डबा लावून ठेवला आहे. कार्यक्रम पाह्यला नाई.

शनिवार, १८ जानेवारी

जेवतानी लावला, तिनं कांदा घेतला अन् मी बंद केला. आता ते पाहवत नाई. माहं जेवण माह्यापुढं, अन् ती तिकडं भाजी उतरवून थांबली आहे. कोणासाठी थांबली ते मालूम असल्यावर भाकर कशी मोडायची?

भैय्याजीकडे गेली. तो शेजाऱ्याच्या छत्रीवर चढला होता. खालूनच विचारलं, "वर्षालीचा नंबर कोणाकडून भेटन? तिनं बदलला म्हणतात." त्यानं वरूनच सांगितला. दहाचे दहा आकडे, मोबाईल न पाहता. रेडिओवाल्याचं डोकं, त्याले सारंच पाठ राहते. मी हातावर लिहून घेतला.

मग खाली उतरून म्हणे, "वहिनी, आजच लावा." मी म्हटलं, "कंपनीनं सांगितलं का?" तो पान्हा घेऊन परत वर चढला.

आज नाई लावला. हात धुतले नाईत.

रविवार, १९ जानेवारी

सकाळी दहाले लावला. बाजारात जायचं होतं, पोते भरून दारात ठेवले होते.

"हॅलो."

काय बोलायचं ते ठरवून ठेवलं होतं, लग्न असं नसतं करायचं, आधी सांगायचं असते, हे सारं. ती परत म्हणे, "हॅलो, कोण बोलतंय?" तिले माहा नंबर दिसला पाहिजे. तरी विचारे.

मी म्हटलं, "वांगं कोवळं असल त पाणी टाकाचंच नसते."

तिकडून कुकरची एक शिट्टी झाली. मग बारीक आवाज आला, पुण्याचा नाई, आपला.

"तू पाह्यलं?"

"नाई पाह्यलं."

दुसरी शिट्टी.

"एकदा पाह्यलं."

मग खरं सांगितलं, "पाच महिने पाह्यलं. रोज."

तिसरी झाली, चौथी झाली. ती नाक ओढे अन् मी ऐके. मले रडणं समजावता येत नाई कोणाचं. कधी जमलंच नाई. पाचवी शिट्टी झाली तवा मी म्हटलं, "अवं पोरी, गॅस त बंद कर. डाळ लागून राह्यली असन."

"ठेवू नको आई. फोन ठेवू नको. आलीच मी."

मी कानाले धरून उभी राह्यली. चपलेचा आवाज गेला. काहीतरी भांडं पडलं. कोणी माणूस विचारे, "कोण आहे गं?" अन् ती तिकडून म्हणे, "आई." तेवढंच. नळ सुटला, बंद झाला. दारात बाजाराची गाडी येऊन हॉर्न वाजवून राह्यली होती.

वाजवू दे म्हटलं.